न झुलणारा पाळणा

१६ फेब्रुवारी

आलो एकदाचा सोलापूरला. सामानाचा टेम्पो माझ्याआधीच पोचला होता आणि मी येईपर्यंत घरमालकांनी निम्मं सामान उतरवूनही घेतलं होतं. विजापूर रोडच्या आतल्या एका शांत कॉलनीत वरचा मजला आहे. घर तसं नवंच, मोकळं, भरपूर उजेडाचं. खाली गुरुलिंगअप्पा आणि श्रीदेवीअक्का राहतात. अप्पांचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान, अक्का कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. दोघं आपसात कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि टेम्पोवाल्यावर अक्का दोन्ही भाषांत एकदम रागावल्या. माझी बॅग खाली ठेवायच्या आत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याची वाटी वर आली. चटणी इतकी चांगली की मी जेवणच तेवढ्यावर केलं.

नवीन कॉलेजात सोमवारी रुजू व्हायचं आहे. यंत्र आराखडा हाच विषय शिकवायचा, त्यामुळे नाशिकच्या नोट्स चालतील. ज्ञानदा कोल्हापूरला माहेरी पोचली. आठवा लागलाय, पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं हे तिच्या घरी आधीच ठरलेलं होतं. ही वही तिच्या हुकमावरून. म्हणाली, फोनवर तू 'सगळं ठीक आहे' यापलीकडे काही बोलत नाहीस, तेव्हा रोज नाही तर नाही, पण लिहून ठेव, मी आले की वाचीन.

तर ज्ञानदा, वाच. पूर्वेची छोटी खोली बाळाची. सकाळी कोवळं ऊन येतं, दुपारी गारवा असतो, भिंतीला फिका पिवळा रंग आहे. तुला आवडेल.

२५ फेब्रुवारी

आजचा रविवार पाळणा शोधण्यात गेला. नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत दुकानं पालथी घातली. अभिमन्यू सोबत होता. हा माझ्याच विभागातला, इथलाच, दोन मुलींचा बाप. शेवटी शेवटी तो दुकानाबाहेर उसाचा रस पीत उभा राहायला लागला.

त्याचंही खरं आहे. मी दुकानात शिरलो की आधी खिशातून पट्टी काढतो. कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट शीतपेयाच्या कॅनच्या रुंदीपेक्षा कमी हवी, नाहीतर बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटंसुद्धा जाता कामा नयेत. एक बाजू खाली सरकणारी असेल तर घ्यायचीच नाही, तिची कडी कधी ना कधी दगा देते. कोपऱ्याचे खांब सपाट हवेत, झबलं अडकायला नको. आणि आत काही म्हणजे काही नको. उशी नको, लोड नको, मऊ कापडी कुंपण नको, खेळणी नकोत. ताणून बसवलेली एक चादर आणि बाळ. सगळ्यात सुरक्षित पाळणा म्हणजे रिकामा पाळणा, हे वाक्य मी इतक्या दुकानदारांना ऐकवलं की अभिमन्यू ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतो.

दुकानदार दाखवत होते ते सगळं उलट. झालरी, घुंगरं, वर फिरणारे हत्ती. शेवटी एका जुन्या दुकानात मागच्या बाजूला ही कॉट सापडली. साधं बीच जातीचं लाकूड, चारही बाजू पक्क्या, गादीची उंची बाळ वाढेल तशी खाली घेता येते, रंग नाही, वास नाही. झुलत नाही. दुकानदार म्हणाला, साहेब, झोक्याशिवाय आपल्याकडचं पोर झोपत नाही. मी म्हटलं, माझं झोपेल.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. मूल जन्मायच्या आत पाळणा घरात आणत नाहीत म्हणाल्या. ज्ञानदाने त्यांच्या हातून फोन घेतला आणि फटींची मापं विचारली. म्हणून मी हिच्याशी लग्न केलं.

३ मार्च

अभिमन्यूने आणि मी कॉट जोडली. एकही स्क्रू उरला नाही. मी कठडा धरून माझं सगळं वजन टाकून पाहिलं, हू की चू नाही.

संध्याकाळी अक्का शेंगापोळी घेऊन वर आल्या. खोलीच्या दारात थांबल्या. दिवस कधीचे, एवढंच विचारलं. एप्रिलची सुरुवात म्हटल्यावर पोळ्यांचा डबा माझ्या हातात देऊन तशाच खाली गेल्या आणि परत आल्या त्या वरवंटा घेऊन. दगडी, जड, एका जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात तसा त्यांनी तो गादीवर मधोमध ठेवला आणि काठ नीट केला. म्हणाल्या, बाळ येईपर्यंत हा असू द्या, पाळणा रिकामा ठेवू नये. मी हसून बरं म्हटलं.

त्या गेल्यावर काढला. दगडाने गादीत खळगा पडतो आणि खळग्यात बाळाचं तोंड रुतू शकतं. श्रद्धेचा प्रश्न नाही, गादीचा आहे. वरवंटा स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी ठेवलाय.

११ मार्च

आज फार आनंदात आहे. नाव ठरलं. मुलगा झाला तर मल्हार, मुलगी झाली तर दुर्गा. मुलीचं नाव ज्ञानदाच्या आजीचं, आमची त्यावर चर्चाच झाली नाही. मल्हारवर मात्र आठवडाभर घासाघीस चालली होती.

दुपारी कॉलेजातून लवकर आलो. उन्हं आत्ताच अशी आहेत की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दुकानंही शटर ओढून घेतात. बाळाच्या खोलीत गार होतं. कठड्यावर हात टेकून उभा राहिलो आणि सहज नाव म्हणून पाहिलं. मल्हार. मग जरा दटावून, शाळेतून उशिरा आल्यासारखं. मग लाडाने. मल्हारराव, या. असं बराच वेळ करत होतो. बाप होणार म्हणजे माणूस थोडा वेडा होतोच.

१८ मार्च

गादीत खळगा आहे.

वरवंटा काढून दोन आठवडे झाले आणि मधल्या काळात गादी सपाट होती, मी स्वतः चादर ताणली आहे. आज दुपारी पाहिलं तर मध्ये उथळ, लांबट दाबलेली जागा. हात ठेवला तर कोमट. खिडकी पूर्वेची, दुपारी तिथे ऊन नसतं. खालच्या खोलीत अक्कांचा फ्रिज आहे, त्याची उष्णता वर येत असेल असा एक विचार केला, मग स्लॅबची जाडी आठवून मलाच हसू आलं.

चादरीला आंबूस वास होता. धुतली. गादी उलटी करून घातली.

२३ मार्च

ज्ञानदाला घर दाखवायला व्हिडिओ कॉल लावला होता. स्वयंपाकघर, गॅलरी, अप्पांचा मोगरा. मग बाळाची खोली. मी फोन कॉटवर धरला आणि ती हसली. म्हणाली, बाहुला आणून ठेवलास का सरावाला? मला ताकीद देतोस आत काही ठेवायचं नाही आणि स्वतः पांघरूण घालून निजवलंयस.

मी कॉटकडे पाहिलं. ताणलेली पांढरी चादर, दुसरं काहीच नाही. पांघरूण तर घरातच नाही. तिला म्हटलं, कुठे? ती म्हणाली, अरे, हे काय, भिंतीकडे तोंड करून. मग चित्र अडकलं. पुन्हा लागलं तेव्हा मी हॉलमध्ये आलो होतो. नेटवर्क म्हणाली. मीही म्हटलं, नेटवर्क.

फोनमध्ये मी स्वतः पाहिलं नाही. तेवढं एक राहिलं. पाहायला हवं होतं का?

५ एप्रिल

मुलगा. दोन तारखेला पहाटे झाला. दोघं सुखरूप. मी वेळेवर पोचलो होतो. इतका छोटा, इतका लाल, आणि कपाळावर एवढ्या आठ्या की कुणी त्याच्याकडे कर्ज मागितलंय असं वाटावं. मी तासभर नुसता बघत बसलो होतो. परत यायला पाय निघत नव्हता, पण परीक्षा आहेत.

पेढे घेऊन खाली गेलो. अक्कांनी तोंड गोड केलं, पण चेहरा फुलला नाही. मग विचारलं, परवा दुपारी वर कोण आलं होतं. कुणी नाही म्हटलं, कुलूप होतं. त्या म्हणाल्या की बाळ रडत होतं, बराच वेळ. त्यांना वाटलं कोल्हापूरहून सगळे एकदमच आले. वर येऊन पाहिलं तर दाराला कुलूप, आणि आत रडणं.

अप्पा म्हणाले, शेजारच्या घरातलं असेल. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. वरवंटा आहे ना आत, असं विचारलं. मी खोटं बोलू शकलो नाही. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमी तिथं उभं राहून नाव घेतलं व्हय?"

मी होकाराची मान हलवली.

अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावात म्हणे पोटुशी बाई घरात असली तर रिकाम्या तोटलापुढे कुणी नुसतं 'ये' सुद्धा म्हणत नाही. तोटलू म्हणजे पाळणा. "बोलावलं की येतंयच की कुणीतरी," त्या म्हणाल्या. "ज्याला कुणी नाव ठेवलं नाही, जागा दिली नाही, असं लई असतंय सर. त्याला काय ठाऊक, नाव दुसऱ्याचं हाय म्हणून."

निदान बाळाचं नाव बदला, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

१४ एप्रिल, कोल्हापूर

बारसं झालं. नाव बदलू म्हणून मी दोन दिवस ज्ञानदाच्या मागे होतो. कारण विचारल्यावर सांगता आलं नाही. ती रडली. म्हणाली, नाव ठरल्यापासून, पोटात होता तेव्हाही, मी याच नावाने बोलले त्याच्याशी. आत्याने कानात मल्हारच सांगितलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटाच बाळाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याला हाक आपली वाटली का?

२० एप्रिल

आज दुपारी ते घडलं. क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही नीट दिसेल.

वीज गेली होती. पंखा थांबला आणि घर एकदम शांत झालं. बाळाच्या खोलीतून श्वास ऐकू येत होता. लहान, भरभर, मध्येच अडखळणारा. हा श्वास मी दवाखान्यात ऐकलेला आहे, दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. मी आत गेलो. कॉट रिकामी. खळगा होता. मी वाकून श्वासाच्या दिशेने कान नेला, तो जवळ आला. मग का कोण जाणे, दोन दांड्यांच्या मधून हात आत घातला आणि त्या खळग्यावर बोट ठेवलं.

बोट धरलं गेलं.

नवं बाळ धरतं तसं. मूठ वळून, घट्ट, ओलसर. मला दिसत होतं ते माझंच बोट, हवेत, आणि त्याच्याभोवती दाबाने पांढरी पडलेली कातडी.

मी हात लगेच मागे घेतला नाही. हे लिहायला नको, पण लिहितो. मला माया वाटली. पोटातून वर आली, दवाखान्यात आली तशीच. मग ती मूठ माझं बोट हळूहळू आत ओढायला लागली, तोंडाकडे, आणि मी ओरडून हात सोडवला.

२१ एप्रिल

कॉट सोडवली. अभिमन्यूला बोलावलं. त्याला काही सांगितलं नाही. गादी उचलताना तो म्हणाला, ही इतकी जड कशी झाली, भिजली का? मी दुसरं टोक उचललं. सगळे भाग गच्चीवर नेऊन ठेवले, वर अक्कांचा वरवंटा ठेवला. अक्कांनी उदबत्ती लावली.

खोली मोकळी झाली. संध्याकाळी मी दार उघडं ठेवून हॉलमध्ये पेपर तपासले. काहीही आवाज नाही. दुसरं घर बघायला लागलोय, पण हिची यायची वेळ झाली, इतक्यात मिळेल असं दिसत नाही.

१० मे

आली दोघं. सव्वा महिना झाल्याबरोबर आली, सासऱ्यांनी गाडीने आणून सोडलं. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात बाळाचा खराखुरा आवाज आहे आणि तीन आठवडे गच्चीवरून, खोलीतून, कुठूनही दुसरा काही आलेला नाही. मल्हार आमच्या दोघांच्या मध्ये झोपतो. मी त्याला नावाने हाक मारत नाही, बाळ म्हणतो. ज्ञानदाच्या ते लक्षात आलेलं नाही.

१३ मे

कपडे वाळत घालायला ज्ञानदा गच्चीवर गेली आणि तिला कॉट दिसली. तिचा राग मला पटतो. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बाळ झोपवणं किती धोक्याचं, याचे लेख तिला मीच पाठवले होते. झोपेत एक हात पडला की संपलं. आणि एवढी पारखून आणलेली कॉट उन्हात सोलवटत ठेवायची?

मग मी तिला सगळं सांगितलं. नाव, खळगा, फोनवर तिला दिसलेलं, बोट. तिने पूर्ण ऐकून घेतलं. माझं बोट हातात घेऊन पाहिलं. म्हणाली, तू फार दिवस एकटा राहिलास.

मी कॉलेजातून येईपर्यंत तिने अप्पांना मदतीला घेऊन कॉट जोडलेली होती. अक्का नेमक्या बाजारात गेलेल्या. वरवंटा अप्पा खाली घेऊन गेले. बाळ आत झोपलं होतं, गाढ. झोक्याशिवाय.

१९ मे

रडत नाही. दिवसभर रडत नाही. ज्ञानदा खूश आहे, माहेरी फोन करून सांगते, असा पाळणा दुसरा नाही.

मी खोलीत खुर्ची टाकून बसतो. बाळाला मधोमध निजवतो. थोड्या वेळाने ते कडेला असतं, कठड्याला चिकटून, पाठ दांड्यांना टेकून. दीड महिन्याचं मूल सरकत नाही. मी पुन्हा मध्ये घेतो. पुन्हा कडेला. जणू कुणाला तरी जागा करून देतंय.

आणि उरलेल्या अर्ध्या गादीवर —

मी हात लावून पाहणार नाही.

२४ मे

डॉक्टरांकडे नेलं. वजन वाढलेलं नाही. जन्मताना होतं त्याहून जेमतेम जास्त. डॉक्टरांनी विचारलं, दूध पुरतं का. ज्ञानदा म्हणाली, सारखा पितोय हो, मी दिवसभर त्यालाच घेऊन असते, अंगात त्राण उरत नाही. डॉक्टरांना काही कळेना. रक्त तपासायला घेतलं.

घरी येताना मी तिला म्हटलं, आजच कॉट टाकून देऊ, आजच्या आज. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, नको. त्याला सवय झालीय.

कुणाला, ते मी विचारलं नाही.

२६ मे

दुपार. बाळ कुरकुरत होतं म्हणून मी त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत होतो. ज्ञानदा झोपली असेल असं समजून. बाळ माझ्या खांद्यावर होतं. हे नक्की. त्याची लाळ माझ्या सदऱ्यावर अजून आहे.

ती बाळाच्या खोलीतून बाहेर आली. पदर सारखा करत. दार हळूच लोटलं. मला खुणेने म्हणाली, आवाज करू नको. "आत्ता प्यायला आणि झोपला."

मग तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, मग मी आत्ता कुणाला —

ओरडली नाही. रडली नाही. वळून बंद दाराकडे बघत राहिली. उद्या सकाळी निघतो. कोल्हापूर. सामान नंतर. कॉट, गादी, चादर, सगळं इथेच.

२७ मे, सांगोला

काय लिहू.

सकाळी आमच्या गाडीने निघालो. बाळ मागे त्याच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेलं, शेजारी ज्ञानदा. मंगळवेढा मागे पडलं तसं मला हलकं वाटायला लागलं. ज्ञानदाचा पदर मात्र दुधाने भिजत होता. बाळ झोपलेलं, प्यायला मागत नव्हतं, आणि दूध थांबत नव्हतं. एकदा तिने विचारलं, निघताना खोलीचं दार कुणी ओढलं. एकदा विचारलं, पंखा चालू ठेवलास का. मी गाडी जोरात हाणली.

सांगोल्यात स्टँडसमोर थांबलो. तिला गरगरत होतं, मी औषधाच्या दुकानात मीठ-साखरेची पुडी आणायला गेलो. किती वेळ लागतो त्याला. परत आलो तर गाडीत कुणी नाही. बाळ चहाच्या टपरीवरच्या बाईंच्या मांडीवर. म्हाळसाबाई त्यांचं नाव. म्हणाल्या, तुमची मंडळी सोलापूरच्या एस.टी.त बसून गेली की. ह्याला जरा धरा म्हणली, ह्याचा बाप येतोय आत्ता.

मग त्यांनी मला विचारलं, "धाकटं घरी एकटंच ठिवून आलाय व्हय? रडतंय म्हणली ती. मला काय ऐकू आलं न्हाय."

ती फोन उचलत नाही.

बाळाला भूक लागली आहे. दुधाचा डबा आणला, बाटली तोंडाला लावत नाही. अक्कांना फोन केला. अक्का म्हणाल्या, या. लवकर या.

२७ मे, घरी

दार आतून बंद. बाळाच्या खोलीचं. ती आत आहे. हाक मारली, ओ देत नाही, पण आवाज येतो. गुणगुणते. अंगाई.

मी दाराशी जमिनीवर बसलोय. बाळ मांडीवर. सांगोल्यापासून रडतंय, आता आवाजही बसला. अक्का जिन्यात बसून पुटपुटत आहेत. मघाशी बाळ घ्यायला त्यांनी हात पुढे केले आणि अंगाला लागताच मागे घेतले. का, ते सांगत नाहीत. अप्पा पहार आणायला गेलेत.

ज्ञानदा, दार उघड. इथे आहे तुझं बाळ. माझ्याजवळ. भुकेलं आहे.

ती आतून म्हणाली, मल्हार इथे आहे.

बाळ गप्प झालं —

डोळे मिटलेत. ओठ हलतात. गिळतंय. मी काही दिलेलं नाही. बाटली गाडीत आहे. गिळतंय, भरभर, घोट मोठे —

आत ती म्हणाली, सावकाश, ठसका लागेल.

माझ्या मांडीवर ठसका लागला.

हनुवटीवर दूध. कोमट. पुसलं, पुन्हा येतंय.

अप्पा आले. दार फोडू का विचारतात. फोडलं की आतलं जाईल, अक्का म्हणतात, ज्याची जागा नाही ते जाईल. माझ्याकडे बघतायत दोघं. हो म्हणायचं आहे. पण जागा नसलेलं ते आतलं, की हे मांडीवरचं —

थांबा अप्पा, थांबा, आधी मला